मर्केल पेशी कर्करोग व प्रतिकारशक्ती-आधारित औषधोपचार : दीर्घकालीन फलिते

प्रस्तावना :
मर्केल पेशी कर्करोग हा त्वचेचा अत्यंत दुर्मिळ, परंतु वेगाने पसरणारा कर्करोग होय. सिरिल टोकर यांनी १९७२ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. चेहरा, मान, हात अशा उन्हात उघड्या राहणाऱ्या भागांवर लालसर-जांभळी, न दुखणारी गाठ येते. दुखत नाही म्हणून ती दुर्लक्षिली जाते, हाच खरा धोका होय.

उपचारामागील तत्त्व :
बहुसंख्य गाठींमध्ये २००८ मध्ये शोधला गेलेला एक पॉलिओमा विषाणू आढळतो. उर्वरित गाठींत सूर्यकिरणांमुळे झालेले असंख्य जनुकीय बदल असतात. दोन्ही प्रकारांत अशा पेशी शरीराला 'परक्या' भासतात. तथापि कर्कपेशी संरक्षक टी-पेशींवरील 'पीडी-१' हा रोधक कार्यान्वित करून स्वतःचा बचाव करतात. हा रोध दूर करणे हेच नव्या औषधांचे कार्य होय. या तत्त्वाच्या शोधाबद्दल जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दीर्घकालीन फलिते :
केमोथेरपीने गाठ लवकर आकसते. मात्र बहुतेक रुग्णांत ती काही महिन्यांतच पुन्हा वाढते. केमोथेरपीनंतरही रोग वाढलेल्या ८८ रुग्णांना ॲव्हेलुमॅब दिले असता ३३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला आणि ५ वर्षांनंतर २६ टक्के रुग्ण हयात होते. पूर्वी केमोथेरपी न घेतलेल्या ५० रुग्णांवर पेम्ब्रोलिझुमॅब वापरले असता प्रतिसादाचे प्रमाण सुमारे ५६ टक्के आढळले. दोन्ही गटांची सरळ तुलना करता येत नाही. तरीही प्रतिसाद मिळाल्यास तो टिकाऊ असतो, हे दोहोंतून दिसते. दुसरीकडे, अनेक रुग्णांना लाभ होत नाही आणि थायरॉइड, यकृत, फुप्फुस वा आतडे यांवर प्रतिकारशक्तीचाच आघात होऊ शकतो, हेही विसरता येणार नाही.

स्थानिक संदर्भ :
नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटसारख्या गावातील शेतकऱ्याच्या दृष्टीने ॲव्हेलुमॅबचे दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यावे लागणारे डोस म्हणजे औषधाच्या खर्चाबरोबर प्रवास व बुडालेली मजुरीही होय. या संदर्भात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा २०२२ मधील अभ्यास उल्लेखनीय ठरतो. डोके व मानेच्या प्रगत कर्करोगात तोंडावाटे द्यावयाच्या औषधांना दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निव्होलुमॅबची जोड दिल्याने एक वर्षाचे जीवितमान १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. हा निष्कर्ष मर्केल पेशी कर्करोगास जसाच्या तसा लागू करता येत नाही. परंतु अल्प मात्रेची चाचणी का घ्यावी, याचे सबळ कारण तो देतो.

निष्कर्ष :
प्रतिकारशक्ती-उपचाराने काही रुग्णांना महिन्यांऐवजी वर्षांचे आयुष्य दिले आहे. हा लाभ ग्रामीण रुग्णापर्यंत पोहोचण्यासाठी औषधाच्या उपलब्धतेइतकीच न दुखणाऱ्या गाठीची वेळीच तपासणीही आवश्यक आहे. या जाणीवजागृतीत ग्रामीण महाविद्यालयांना व राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांना निश्चित वाटा उचलता येईल.