विसरलेले डाव : पत्ते हाती, डाव बेपत्ता

गंजिफा, म्हणजे हे गोल पत्ते, कशा घडतात, चिंचोक्याची खळ आणि लाख त्यात काय काम करतात, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आता खरा पेच. सावंतवाडीहून हौसेनं आणलेला दशावतारी संच पाहुण्यांपुढे येतो, सगळे वाहवा करतात आणि कोणीतरी विचारतं, “पण हे खेळायचं कसं?” इथे बहुतेक यजमान चहा टाकायला आत जातात.

१९७०च्या दशकात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ही कला सावरली, राजवाड्यात चितारी पुन्हा कामाला लागले. चित्र वाचलं, खेळणारे मात्र तोवर पांगले होते. मग नियम शोधायचे कुठे?

आधी पत्त्यांनाच विचारावं. एकूण पत्ते १२०. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा पत्ते : राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. मत्स्याच्या सत्तीवर सात मासे, परशुरामाच्या तिर्रीवर तीन परशू. अक्षरओळख नसली तरी अडत नाही. १२० पत्ते तिघांत वाटले की प्रत्येकी ४०. चाळीस गोल पत्ते एका मुठीत धरून दाखवणं हीच पहिली परीक्षा. इतकं सगळं पत्ते आपणहून सांगतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र ते लपवतात. राजा आणि प्रधान दहाही रंगांत वरचे. पण पाच रंगांत त्यांच्याखाली दश्शी, नव्वी अशी उतरंड लागून एक्का तळाला जातो, तर उरलेल्या पाचांत प्रधानाच्या पाठोपाठ एक्का येतो आणि दश्शी सगळ्यांत कुचकामी ठरते. नुसत्या चित्रावरून हे कळणं शक्य नाही. जुन्या ९६ पत्त्यांच्या मोगली गंजिफांतही हीच तऱ्हा : आठांपैकी चार रंग सुलटे, चार उलटे. आणि गंमत म्हणजे युरोपातल्या जुन्या टॅरो आणि ओम्ब्र या खेळांतही दोन रंगांत आकड्यांचा क्रम असाच उलटा लागतो. मायकेल डमेट हा ऑक्सफर्डचा तत्त्वज्ञ पत्त्यांच्या इतिहासात रमला होता. माझ्या मते हा उलटा क्रम म्हणजे या खेळाचं जुनं जन्मचिन्ह. सोयीसाठी तो कोणी नव्यानं शोधला असता असं वाटत नाही.

दुसरा नियमही चित्रात नाही. दिवसा खेळत असाल तर पहिली उतारी रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याची. दिवे लागल्यावर कृष्णाच्या राजाची. मोगली संचात दिवसा सोन्याच्या नाण्याचा रंग, म्हणजे सूर्य, आणि रात्री चांदीचा, म्हणजे चंद्र. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी. जुना नियम नव्या देवांना किती बेमालूम बसवलाय पाहा!

प्रत्यक्ष खेळात हुकमाचा रंग नाही. एखाद्या रंगातला उरलेला सर्वांत मोठा पत्ता तुमच्याकडे असला की तो टाकायचा; त्याला कोणी मारू शकत नाही, बाकीचे दोघे आपला निकामी पत्ता फेकतात आणि हात तुमचा. ऐकायला अगदी सोपं. पण ‘उरलेला सर्वांत मोठा’ हे ठरवायला दहाही रंगांतलं काय काय खाली गेलं ते डोक्यात हवं, त्यात निम्मे रंग उलटे. वराहाचा प्रधान गेला की नाही, हे तिघांपैकी एकटाच विसरतो आणि डाव तिथेच फिरतो. ब्रिजवाल्यांनी ५२ पत्त्यांच्या स्मरणशक्तीचा तोरा इथे मिरवू नये.

घरात संच असेल तर एक करा : वाटण्याआधी पाच सुलटे रंग कोणते, ते कागदावर लिहून तिघांच्या मध्ये ठेवा. वादाचं मूळ तिथेच असतं. पुढच्या आठवड्यात ओडिशात जाऊ. तिथे याच कुळातला गंजपा अजून खेळला जातो.