वाचायला शिकविणाऱ्याच्या पाठीशी कोण?

आपण स्वतः वाचायला कसे शिकलो, हे आपणांपैकी फारच थोड्यांना आठवत असेल. जे आपोआप साधले असे वाटते, त्याचे श्रम पहिली-दुसरीच्या गुरुजींनी किंवा बाईंनी केलेले असतात. समाजात मात्र समज असा, की वरच्या वर्गाला विद्वान शिक्षक हवा, पहिलीला कोणीही चालेल. हा समज किती खोटा आहे, आणि या शिक्षकाला कोणती मदत हवी, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम कामाचे स्वरूप पाहू. ‘करवत’ हा शब्द घ्या. लिहिताना अक्षरे चार. बोलताना मात्र आपण ‘कर्-वत्’ असे दोनच झटके देतो. मूल एकेका अक्षरावर बोट ठेवून चारही अक्षरे पुरती उच्चारते, आणि त्या चार आवाजांत सुताराची करवत काही त्याला ऐकू येत नाही. ‘कि’ मधील वेलांटी आधी दिसते, पण तिचा उच्चार मागाहून होतो. ‘धर्म’ मधला रफार ‘म’च्या डोक्यावर बसतो आणि उच्चारात त्याच्या आधी येतो. मोठ्यांच्या अंगवळणी पडलेल्या या गोष्टी सहा वर्षांच्या मुलाला कोडी वाटतात. मूल नेमके कोठे अडखळले हे ओळखणे ही विद्या आहे, आणि ती केवळ वाचता येणाऱ्याला आपोआप येत नाही.

दुसरी अडचण क्रमाची. आधी सारी मुळाक्षरे, मग सारी बाराखडी, आणि मग शब्द, ही जुनी वाट. तिच्यात महिनेच्या महिने मुलाच्या हाती अर्थ लागत नाही. उलट क, म, ल, र ही चार अक्षरे आणि एक काना एवढेच आधी दिले, तर काका, मामा, लाल, माल, कमल असे शब्द लगेच वाचता येतात. इतकेच नव्हे, तर ‘रमा, काम कर’ हे पुरे वाक्यही. मात्र ही वाट निवडणाऱ्या शिक्षकाजवळ त्याच अक्षरांत बसणारी वाक्ये, कार्डे आणि चिमुकली पुस्तके हवीत. ती रोज रात्री घरी बसून एकट्याने कोठवर रचावीत? शिवाय ज्या मुलांच्या घरी वारली, कोरकू किंवा गोंडी बोलतात, त्यांना अक्षराबरोबर शब्दही नवाच असतो. तेथे घरची बोली जाणणारा सोबती लागतो.

शिक्षकालाही शिकत राहावे लागते, ही जाणीव आपल्याकडे नवी नाही. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी पुण्याच्या शिक्षक-प्रशिक्षण शाळेचे प्रमुखपद सांभाळले, आणि शिक्षकांसाठी ‘शालापत्रक’ चालविले. विष्णुशास्त्र्यांची लेखणी आधी त्याच पत्रात घडली. पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे बालशिक्षण आणि शिक्षिकांची घडण ही दोन्ही कामे जोडीने चालविली. 1986 च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यात शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. शाळांचे गट करून त्यांवर केंद्रप्रमुख नेमले गेले. 2021 मध्ये पायाभूत साक्षरतेसाठी ‘निपुण भारत’ ही मोहीम सुरू झाली. म्हणजे सांगाडा उभा आहे. तरीही 2024 च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या निम्म्याहून किंचित कमीच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला.

मग उणे कोठे पडते? आमच्या मते, मदत वर्गाच्या दारापर्यंत येते आणि तेथेच थांबते. मोठ्या दालनात शंभर शिक्षक बसवायचे, भाषणे द्यायची, हजेरीवर सह्या घ्यायच्या आणि लगोलग माहितीचे तक्ते मागायचे, याला प्रशिक्षण म्हणणे धाडसाचे आहे. वैद्य रोग्याची नाडी न पाहता केवळ व्याख्याने ऐकून तयार होत नाही. शिक्षकाचेही तसेच आहे. त्याच्या वर्गात कोणी जाणत्याने तासभर बसावे, पण तपासनीस म्हणून नव्हे. अडलेल्या मुलाचे वाचन दोघांनी मिळून ऐकावे, आणि उद्या काय करून पाहायचे ते ठरवावे. महिन्याच्या शिक्षण परिषदेत परिपत्रके बाजूला सारून मुलांच्या वह्या टेबलावर मांडाव्यात. ‘माझ्या वर्गातील पाच मुले वाचत नाहीत’ हे शिक्षकाने न भिता सांगावे, आणि ते ऐकून कोणी त्याचा जबाब मागू नये. जेथे चूक सांगण्याची भीती असते, तेथे कागदावर सारीच मुले वाचू लागतात.

यात नागरिकांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. ज्याला तिसरीपर्यंत वाचता येत नाही, त्याला पुढचे गणित, भूगोल, विज्ञान सारेच बंद दार होते. ते मूल वर्गात बसते खरे, पण शाळेतून मनाने केव्हाच उठलेले असते. आपण शाळेला देणगी देतो ती बहुधा कमानीसाठी किंवा घड्याळासाठी. त्याऐवजी पहिलीच्या वर्गाला मोठ्या अक्षरांची पन्नास पातळ पुस्तके द्यावीत. आठवड्यातून एक तास जाऊन एखाद्या मुलाचे वाचन शांतपणे ऐकावे. मात्र बाईंना विचारून, त्या सांगतील तसे. आणि निकालाचा जाब मागण्यापूर्वी एक प्रश्न त्यांना विचारावा: ‘बाई, आपल्याला काय हवे आहे?’ हा प्रश्न त्यांना आजवर फारसा कोणी विचारलेला नाही.