राब, बंदूक आणि वतन

1874 ते 1878 या काळात मुंबई इलाख्यातल्या खेड्यांवर तीन कायदे आले. 1874 चा वतन कायदा इलाख्याचा स्वतःचा. 1878 चे जंगल आणि हत्यार कायदे हिंदुस्थान सरकारचे, पण त्यांचाही रोजचा अंमल इथल्याच कचेऱ्यांतून. ते आपण वेगवेगळे वाचतो. एकत्र वाचले तर सरकारचे रिवाजाविषयीचे धोरण उघड होते: रयतेला ज्यात आधार होता तो रिवाज परवानगीवर गेला, सरकारला ज्यात फुकट राबणूक मिळत होती तो कायद्याने पक्का झाला.

ठाणे-कुलाब्यातला राब घ्या. भाताच्या दाढीवर, म्हणजे रोपे तयार करायच्या वाफ्यावर, टहाळ (तोडलेल्या डहाळ्या), पालापाचोळा, गवत, शेण पसरून उन्हाळ्यात भाजायचे. तण मरते, राखेचे खत होते, पावसाबरोबर पेरणी. टहाळ यायचा वरकस, म्हणजे हलक्या माळजमिनीतून आणि लगतच्या रानातून. जंगल राखीव झाले आणि कोयता लावणे गुन्हा ठरू लागले. रान उजाड होत होते, राखणे भागच होते, हा आक्षेप खोटा नाही; बेसुमार तोडीने झाड खंगते. पण खोडासकट झाडे नेणारी भूक रेल्वेच्या स्लीपरांची आणि शहरांच्या लाकडाची होती, आणि बंधनाचा पहिला फटका फांदी तोडणाऱ्याला बसला. महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर कोरडे ओढले. तक्रारी इतक्या वाढल्या, की 1885 मध्ये सरकारला जंगल कमिशन नेमावे लागले. शिकारीतही तेच. वाघ-बिबटे मारल्याबद्दल सरकार बक्षीस देई, पण रानडुकरांपासून पीक वाचवायला हत्यार कायद्याखाली शेतकऱ्याने बंदुकीचा परवाना मागायचा. युरोपियनांना मात्र त्यातून सूट. पीक राखायला परवाने मिळत, हे खरे. पण त्यासाठी कचेरी गाठावी लागे, आणि डुक्कर तोवर थांबत नाही.

वतनाच्या बाबतीत धोरण नेमके उलटे. महार वतनदाराने हाक येईल तेव्हा, रात्री-बेरात्रीसुद्धा, सरकारी कामाला धावायचे, मोबदल्यात तुटपुंजी वतनजमीन आणि बलुते. ही प्रथा इंग्रजांनी निर्माण केली नाही, असे त्यांच्या बाजूने म्हटले जाते. बरोबर, पण राबही रयतेने 1878 च्या आदल्या दिवशी शोधला नव्हता. एका रिवाजाला वय मोजून मान द्यायचा आणि दुसऱ्याला कोयत्यासकट पकडायचे, यामागे न्याय नव्हता, महसुलाचा हिशेब होता. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायदा दुरुस्त करण्याचे विधेयक आणले. सरकारी विरोधापुढे ते पुढच्या वर्षी मागे घ्यावे लागले. जंगलाबद्दलचा असंतोषही शमला नव्हता: 1930 मध्ये सातारा जिल्ह्यातल्या बिळाशीला आणि कुलाब्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रह पेटला. चिरनेरला 25 सप्टेंबरला गोळीबार होऊन माणसे मेली.

कनिष्ठ गावकामगारांची वतने 1958 च्या कायद्याने गेली. जंगल कायदा 1927 मध्ये नव्याने मांडला गेला आणि तोच दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने ऐतिहासिक अन्यायाची कबुली दिली, आणि त्याच्या नियमांनी गावातल्या वडीलधाऱ्यांचे निवेदनही पुरावा म्हणून मान्य केले.