तालमीतला घाम आणि डबीतली हळद

रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 साली महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हा आज लातूर जिल्ह्यात असलेले त्यांचे गाव उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे आणि पैलवानाचा खुराक दूध, तूप, बदाम यांपलीकडे क्वचितच जाई. हळद असे ती आखाड्याच्या तांबड्या मातीत, ताक-तेल-लिंबासह कालवलेली. आता तीच हळद कॅप्सूलच्या रूपाने, दाहशामक म्हणून, औषधांच्या दुकानांत मिळते.

अनभ्यस्त माणसाने जोर-बैठका काढल्या म्हणजे दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, कारण स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होऊन श्वेतपेशी तेथे धाव घेतात. हा दाहच होय, परंतु दुरुस्तीचा आरंभही त्यातूनच होतो. इंटरल्यूकिन-6 हे द्रव्य वैद्यकाच्या दप्तरी दाहाचे प्रवर्तक म्हणून दाखल होते. तथापि 2000 सालच्या सुमारास कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की श्रम करणारा स्नायू स्वतःच ते रक्तात सोडतो, मॅरेथॉनसारख्या श्रमात ते शंभर पटींपर्यंतही चढते, आणि त्याच्या मागोमाग दाह आवरणारे इंटरल्यूकिन-10 वाढते. जणू बंडखोरानेच बंदोबस्ताचा हुकूम काढावा. पोटावरच्या मेदातून वर्षानुवर्षे धुमसणारा मंद दाह मात्र निराळा. तो नित्य व्यायामाने, विशेषतः वजन उतरल्यास, कमी होतो.

म्हणूनच श्रमजन्य दाह गोळ्यांनी दडपण्याची घाई मला अनाठायी वाटते. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील एका प्रयोगात चार आठवडे व्यायाम करणाऱ्या तरुणांपैकी काहींना रोज 1000 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व व त्यासोबत ई जीवनसत्त्व दिले, तेव्हा इन्सुलिनचा प्रभाव सुधारण्याचा व्यायामाचा लाभ त्यांच्याच पदरी पडला नाही. जवसाची चटणी अवश्य खावी. मात्र तिच्यातील ओमेगा-3 आम्लाचा अल्पांशच शरीर माशांच्या तेलातील रूपात बदलू शकते.

राहता राहिली नांदेडकडच्या अर्धापुरातही पिकणारी हळद. तिच्यात कर्क्युमिन जेमतेम तीनेक टक्के, आणि तेही आतड्यातून फारसे शोषले जात नाही. छोट्या प्रयोगांत त्याने स्नायूंची ठणक थोडी कमी झाल्याचे आढळले, इतकेच. 1998 साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातील 20 मिलिग्रॅम पायपेरिन दिले असता माणसांत कर्क्युमिनचे शोषण वीसपट वाढले, आणि तेव्हापासून पुष्कळ कॅप्सुलांत मिऱ्याचा अर्क येऊ लागला. परंतु पायपेरिनने यकृताचे औषधे निकालात काढण्याचे काम मंदावते, त्यामुळे इतर औषधांचीही रक्तातील मात्रा वाढू शकते. अशा कॅप्सुलांनंतर यकृतास इजा झाल्याच्या नोंदी युरोप-अमेरिकेत झाल्या आहेत, वरणातल्या चिमूटभर हळदीने नव्हे.