आलेखातील लेबलांचे स्थाननिर्धारण

आलेखावरील लेबलाचे प्रयोजन कोणता आकडा अथवा कोणते नाव कोणत्या बिंदूचे आहे हे निःसंदिग्धपणे दर्शविणे, हे होय. लेबल दोन बिंदूंच्या मध्येच पडले, तर मूळ आकडे अचूक असूनही वाचकाचा निष्कर्ष चुकतो. म्हणून लेबलाच्या जागेचा विचार आकड्यांच्या विचाराइतक्याच काटेकोरपणे करावा लागतो.

पायथन या संगणकभाषेत आलेखनासाठी मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी सर्वत्र प्रचलित आहे. जॉन हंटर यांनी निर्माण केलेली ही लायब्ररी २००३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. तीत स्थान सांगण्याच्या अनेक पद्धती आहेत. त्यांपैकी दोहोंतील भेद येथे महत्त्वाचा आहे. एक पद्धत अक्षांवरील मूल्यांची. दुसरी कागदावरील प्रत्यक्ष अंतराची. दुसरीत अंतर मुद्रकांच्या पॉइंटमध्ये मोजतात; ७२ पॉइंट म्हणजे एक इंच.

सामान्यतः लेबल बिंदूवरच येऊ नये म्हणून त्याच्या मूल्यात थोडी भर घालण्याचा प्रघात आहे. या युक्तीतील दोष लघुगणकीय अक्षावर स्पष्ट दिसतो. दर दहापटीस ५ सेंटिमीटर जागा असलेल्या अक्षावर १० या मूल्यात ५ मिळविल्यास लेबल सुमारे ९ मिलिमीटर सरकते. १००० मध्ये तेच ५ मिळविल्यास ते जेमतेम ०.१ मिलिमीटर सरकते. पहिले लेबल आपल्या बिंदूपासून तुटते, तर दुसरे बिंदूवरच बसते.

यावर उपाय असा, की लेबलाचा आधार मूल्यांत द्यावा व अंतर पॉइंटमध्ये द्यावे. ‘अ‍ॅनोटेट’ या आज्ञेत ‘ऑफसेट पॉइंट्स’ हा पर्याय निवडल्यास हे साधते. मग ६ पॉइंटचे अंतर दोन्ही बिंदूंपाशी सुमारे २.१ मिलिमीटरच राहते. स्तंभालेखांसाठी २०२१ च्या ३.४ या आवृत्तीत आलेली ‘बार लेबल’ ही आज्ञाही स्तंभ व आकडा यांतील अंतर पॉइंटमध्येच घेते.

तथापि लेबले परस्परांवर येण्याचा प्रश्न याने सुटत नाही. नकाशांच्या संदर्भात स्विस नकाशाकार एडुआर्ड इम्होफ यांनी १९६२ मध्ये याच प्रश्नाचे विवेचन केले होते. प्रत्येक बिंदूभोवती चारच जागा मोकळ्या मानल्या, तरी २० बिंदूंसाठी मांडणीचे सुमारे १.१ लाख कोटी प्रकार संभवतात. ते सर्व तपासणे व्यवहार्य नसल्याने संगणकीय पद्धती बहुधा पुरेशा चांगल्या मांडणीवर समाधान मानतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. आलेखाचा आकार आज्ञावलीत कमी केला असता अक्ष आखूड होतात. अक्षरे मात्र आपल्या पॉइंटमापाचीच राहतात. त्यामुळे २० सेंटिमीटर रुंदीवर सुटी दिसणारी लेबले ८ सेंटिमीटरच्या स्तंभात एकमेकांवर चढतात. यास्तव छापावयाची रुंदी प्रथम निश्चित करावी, ज्या बिंदूंवर विवेचन अवलंबून आहे त्यांनाच लेबले द्यावीत, व त्यानंतरच त्यांच्या जागा ठरवाव्यात.