९ ऑगस्ट १९४५ : टोकियोचे मन कशाने वळले?

नागासाकीवर बॉम्ब पडला म्हणून जपान शरण आला, ही समजूत त्या दिवसाच्या घड्याळाशी जुळत नाही. ८ तारखेच्या संध्याकाळी मॉस्कोत सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोव्ह यांनी जपानी राजदूत सातो यांना युद्धाची घोषणा ऐकवली. सातो आले होते सोव्हिएत मध्यस्थीच्या आशेने. दोन्ही देशांमधला १९४१चा तटस्थता करार तर एप्रिल १९४६पर्यंत लागू होता. काही तासांत लाल सेना मांचुरियात घुसली. हिरोशिमाला तीन दिवस होत आले तरी न बसलेले सर्वोच्च युद्धमंडळ ९ तारखेच्या सकाळी साडेदहाच्या सुमारास बसले. ११ वाजून २ मिनिटांनी नागासाकीवर पडलेल्या बॉम्बची बातमी चालू बैठकीत येऊन थडकली. शरणागती फक्त सम्राटपदाच्या हमीवर, की आणखी तीन अटींवर? मते तीन विरुद्ध तीन होती आणि बातमीनंतरही तशीच राहिली. कोंडी फोडली ती मध्यरात्री, सम्राट हिरोहितो यांनी.

यावर आक्षेप असा, की १५ ऑगस्टच्या रेडिओ भाषणात सम्राटांनी क्रूर नव्या बॉम्बचा उल्लेख केला, रशियाचा नाही. खरे आहे, हिरोशिमानंतर ते युद्ध थांबवण्याकडे झुकले होते, हेही नाकारता येत नाही. पण १७ ऑगस्टला सैन्यासाठी काढलेल्या फर्मानात नेमके उलट दिसते : सोव्हिएत युद्धप्रवेश आहे, बॉम्ब नाही. सेनाधिकाऱ्यांना कोणते कारण पटेल, याचा अंदाज त्यात उघड आहे. म्हणूनच हिरोशिमाचे वजन मान्य करूनही, नागासाकीतल्या हजारो नागरिकांचे मरण अटळ लष्करी गरज म्हणून स्वीकारणे मला शक्य नाही.