चालत्या सर्व्हरला जागा वाढवून देताना

महिनाअखेर आणि डिस्क भरत आल्याचा अलर्ट यांचं काहीतरी साटंलोटं असावं. पगार, बिलं, जीएसटीचे रिपोर्ट असं सगळं एकाच डेटाबेसवर तुटून पडलेलं असतं आणि नेमकी तेव्हाच मॉनिटरिंगच्या पडद्यावरची पिवळी पट्टी लाल होते. पाठोपाठ अ‍ॅप्लिकेशन टीमचा फोन येतो: "सर, जागा वाढवून द्या ना. पण रीस्टार्ट नको हं, सगळे आत लॉगिन आहेत." मागणी रास्त असते. पोस्टग्रेसच्या डेटाची जागा संपली तर नव्या नोंदी अडतात, एवढ्यावर भागतं. पण प्रत्येक बदल आधी ज्यांत लिहिला जातो त्या वॉल फाइलींची जागा संपली, तर तो पॅनिक नोंदवून स्वतःच बंद पडू शकतो. म्हणजे रीस्टार्ट टाळता टाळता शेवटी पदरात तोच.

डिस्क वाढवण्याआधी ती खरंच भरली आहे का, हे बघायचं. पुष्कळदा डीएफ म्हणतो ९२ टक्के भरली आणि डीयूने केलेली फोल्डरांची बेरीज त्याच्या निम्मीही भरत नाही. कुणीतरी अवाढव्य लॉग फाइल उडवलेली असते, पण त्यात लिहिणारी प्रोसेस ती अजून उघडून बसलेली असते. फाइलीचं नाव गेलं, जागा सुटली नाही. एलएसओएफच्या यादीत तिच्यापुढे 'डिलीटेड' असा शेरा दिसतो. ती प्रोसेस नीट रीलोड केली की काही क्षणांत गिगाबाइटं मोकळी होतात आणि टिकेट तिथेच संपतं. कधी उलटं होतं. जागा भरपूर दिसते, पण ईएक्सटी४ वरचे आयनोड संपलेले असतात, कारण कुठल्यातरी फोल्डरात लाखो बारीक फाइली साठल्या आहेत. तिथे १०० जीबी जोडण्याआधी त्या फाइली कोण बनवतंय ते शोधलेलं बरं.

एवढं पाहूनही जागा हवीच असेल, तर पुढचं काम. आमचा सर्व्हर म्हणजे व्हीएमवेअरवरचं व्हर्च्युअल मशीन. यंत्र ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये, हात पुण्यातल्या कीबोर्डवर. व्हीसेंटरमध्ये मशीनच्या सेटिंगात जायचं, दुसऱ्या डिस्कचा आकडा २०० चा ३०० करायचा, ओके दाबायचं. पण तो चौकोन राखाडी पडलेला दिसला, की समजावं स्नॅपशॉट शिल्लक आहे. रात्रीच्या बॅकअपने घेतला आणि काढायचा राहिला. स्नॅपशॉटची सगळी साखळी मूळ डिस्कवर उभी असते, म्हणून तो असेतो तिचा आकार बदलता येत नाही. तो काढला की साठलेले बदल मूळ डिस्कमध्ये मिसळायला लागतात आणि त्या वेळी स्टोअरेजवर चांगलाच भार येतो. डेटाबेस आधीच धापा टाकत असेल तर हे काम रात्रीवर ढकलायला मी मागेपुढे पाहत नाही. डेटास्टोअरमध्ये खरोखर किती जागा उरली आहे, तेही याच वेळी बघायचं. थिन डिस्क असतील तर कागदावर वाटलेली जागा प्रत्यक्षात असलेल्या जागेपेक्षा जास्त असू शकते. डेटास्टोअर भरला की त्यावरची मशीनं जागच्या जागी थबकतात.

ओके दाबलं, टास्क हिरवा झाला. आता लिनक्समध्ये एलएसबीएलके मारा: डिस्क अजून २०० चीच. नवखा माणूस इथे हमखास म्हणतो, "रीबूट करून बघूया का?" गरज नसते. शेताला लागून एकरभर जमीन घेतली तरी फेरफार मंजूर होईपर्यंत सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढंच राहतं. इथे तर अशी चार दफ्तरं आहेत: हायपरवायझर, कर्नल, एलव्हीएम आणि फाइल सिस्टिम. एकाने दुसऱ्याला आपणहून कळवायची पद्धत नाही. प्रत्येकाच्या दारात जाऊन सांगावं लागतं, आणि क्रम चुकवून चालत नाही.

कर्नलला सांगायची रीत अगदी साधी आहे. सिस-एफएसमध्ये त्या डिस्कच्या नावाखाली 'रीस्कॅन' नावाची एक फाइल असते, तिच्यात १ लिहायचा. बस. मग डीमेसेजच्या शेवटी एक ओळ उमटते: ६२९१४५६०० लॉजिकल ब्लॉक, प्रत्येकी ५१२ बाइटांचे, आणि पुढे कंसात एकाच मापाचे दोन आकडे, ३२२ जीबी आणि ३०० जीआयबी. पहिला हजाराच्या हिशेबाने, दुसरा १०२४ च्या. ही ओळ मेलमध्ये चिकटवली की "३०० मागितले होते, ३२२ कसे दिले?" असं विचारणारा कुणीतरी निघतोच. मी हल्ली ती ओळ फक्त टिकेटमध्ये ठेवतो.

पुढचं दफ्तर एलव्हीएमचं. लिनक्ससाठी तो पहिल्यांदा हाइन्झ माउएल्सहागेन यांनी १९९८ मध्ये लिहिला, एचपी-यूएक्सवरच्या व्यवस्थेचा नमुना समोर ठेवून. सगळी मोजणी एक्स्टेंटांत. एक एक्स्टेंट सहसा ४ एमबीचा. पीव्हीरिसाइज चालवलं की व्हॉल्यूम ग्रुपमध्ये २५६०० एक्स्टेंट मोकळे दिसतात, म्हणजे बरोबर आपले १०० जीबी. डिस्कवर पार्टिशन पाडलेलं असेल तर त्याआधी ग्रोपार्टने ते ताणावं लागतं, आणि पार्टिशन टेबल जुन्या एमबीआर पद्धतीचं असेल तर २ टीबीच्या पुढे तो रस्ता बंद. म्हणून डेटाची डिस्क पार्टिशन न पाडता अख्खी एलव्हीएमला द्यावी, या मताचा मी आहे. पार्टिशन नसलेली डिस्क उद्या कुणीतरी रिकामी समजून पुसेल, असं काही जण म्हणतात. न बघता डिस्क पुसणाऱ्याला पार्टिशन टेबल तरी काय अडवणार!

एलव्हीएक्सटेंडला 'आर'चा पर्याय दिला की तो लॉजिकल व्हॉल्यूमबरोबर फाइल सिस्टिमही वाढवतो. आमच्याकडे रेड हॅटचं लिनक्स, त्यामुळे फाइल सिस्टिम एक्सएफएस. सिलिकॉन ग्राफिक्सने ती आपल्या आयरिक्स सिस्टिमसाठी बांधली होती. तिची तऱ्हा अशी की ती वाढवायची तर माउंट केलेलीच हवी. बंद अवस्थेत वाढवताच येत नाही. तिच्या ग्रोएफएसला डिस्कचं नाव नव्हे, माउंटची जागा सांगायची. आतला डेटा हलवावा लागत नाही, शेवटी नवे अ‍ॅलोकेशन ग्रुप तेवढे जोडले जातात. म्हणून सगळा प्रकार दोन-तीन सेकंदांत आटोपतो. डेटाबेसला पत्ताही लागत नाही. डीएफवर टक्केवारी झपकन खाली येते आणि अ‍ॅप्लिकेशन टीमकडून अंगठ्याचा इमोजी.

या जागी मी १०० पैकी ८० च देतो. वीस जीबी व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मोकळे राहू देतो. कंजूषपणा म्हणा हवं तर. पण एक्सएफएस एकदा वाढवली की व्यवहारात ती लहान करता येत नाही. बॅकअप घ्या, नवी बनवा, डेटा परत आणा, आणि त्यासाठी तोच डाउनटाइम मागा जो कुणी देत नाही. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवरही ईबीएस डिस्क चालू असताना वाढवता येते; लहान करता येत नाही. हातचे वीस जीबी मात्र रात्री तीन वाजता एका कमांडमध्ये देता येतात.

आहे ती डिस्क वाढवण्याऐवजी नवी जोडायची असेल, तेव्हा खरी सावधगिरी हवी. कर्नलला नवी डिस्क दाखवायला स्कझी होस्टच्या 'स्कॅन' फाइलमध्ये तीन हायफन लिहायचे, मध्ये एकेक मोकळी जागा सोडून: - - -. पहिला चॅनेलचा, दुसरा टार्गेटचा, तिसरा एलयूएनचा. हायफन म्हणजे 'सगळे'. मशीनला होस्ट अनेक असतात, प्रत्येकाला हे सांगायचं. मग एसडीसी असं काहीतरी नाव उगवतं. ते नाव पुढच्या बूटला तेच राहील याची हमी नसते. एफएसटॅबमध्ये ते नाव लिहिणाऱ्यांवर माझा राग आहे. तिथे यूयूआयडीच हवा.

रीबूट टाळण्याची किंमत इथेच मोजावी लागते. मी आत्ता हाताने माउंट केलं, सगळं सुरळीत चाललं, शाबासकी मिळाली. एफएसटॅबमधली ओळ मात्र अजून कुणी तपासलेली नसते. तिच्यात एखादं अक्षर चुकलेलं असेल तर ते महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं आणि पॅचिंगच्या रात्री मशीन उठेनासं होतं. सिस्टमडी त्या डिस्कची दीड मिनिट वाट बघतो, मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूटचा पासवर्ड मागत बसतो. एसएसएच चालत नाही, व्हीसेंटरचा कन्सोल उघडावा लागतो. ड्यूटीवर असतो भलताच कुणीतरी, ज्याने ही डिस्क कधी पाहिलेलीही नाही.

म्हणून रीबूटशिवाय डिस्क जोडणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगणं आहे. एफएसटॅबला हात लावला असेल तर टिकेट बंद करण्याआधी फाइंडमाउंटचा 'व्हेरिफाय' चालवा. डेटाबेस अजून त्यावर गेला नसेल तर माउंट एकदा काढून 'माउंट -ए'ने परत चढवून बघा. आणि ज्या डिस्कवाचून मशीन निदान उठू शकतं, तिच्यापुढे 'नोफेल' लिहा.